ऐन-शूह खाली उतरते

ढग आठवडाभर आधी आले आणि सगळ्या गावाची धांदल उडाली.

एरवी डोंगरावरचे ऐन-शूह सावकाश खाली उतरायचे. द्राक्षे संपली, अक्रोड झोडून झाले, हिवाळ्याची बेगमी बरण्यांत बंद झाली की एकेक घर कुलूप लावून समुद्राकडच्या मर्जलौझला जायचे. तिथे प्रत्येकाचे दुसरे घर होते, संत्र्यांची झाडे होती आणि जानेवारीतही अंगणात उन्हात बसून दाढी करता यायची. बर्फ वितळला की पुन्हा वर. पणजोबांच्याही आधीपासून हेच चालत आले होते. या वर्षी मात्र मंगळवारी सकाळी खिंडीत एक राखाडी ढग येऊन बसला तो हलेचना. वाऱ्याचा वास बदलला. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, उद्या सकाळी निघायचं.

मुन्तहाच्या घरात त्या धांदलीला दुसरी एक धांदल चिकटली होती. तिची नणंद नझीरा हिचे लग्न ठरले होते की नव्हते, हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नव्हते.

गाव खाली गेले की वर एकच माणूस उरायचा, राखणदार रफूल. इथली धाबी मातीची. त्यांवर बर्फ साचू दिला तर आढे मोडून घर बसते. म्हणून हिवाळाभर रफूल फावडे घेऊन एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर फिरायचा. बायको जाऊन त्याला बरीच वर्षे झाली होती. सप्टेंबरात, क्रुसाच्या सणाला, तो धुतलेला सदरा घालून मुन्तहाच्या दारात आला, कॉफी प्याला आणि तिच्या नवऱ्याकडे, असदकडे, त्याच्या धाकट्या बहिणीला मागणी घालून गेला. असद हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो म्हणाला, "बघू."

गावचे पाद्री अबूना यवाकीम यांनी त्या 'बघू'चा आपल्या परीने अर्थ लावला आणि ओळीने तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावे पुकारली. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला, असेही तिन्ही वेळा विचारले. हरकत तर अख्ख्या घराची होती. पण असदला वाटले, मोठी बहीण झहिया बोलेल. झहियाला वाटले, कर्ता पुरुष असद आहे, तोंड त्याने उघडायचे. आणि मुन्तहाला वाटले, हे दोघे सख्खे असताना भावजयीने कशाला वाईटपणा घ्यायचा? तिघेही मान खाली घालून बसून राहिले आणि अबूना पुढच्या प्रार्थनेकडे वळले.

लग्न शनिवारी लागायचे होते. आता शनिवारी वर कुणी असणार नव्हते, अबूनाही नाहीत. ते एकदा खाली गेले की मे महिन्यापर्यंत ऐन-शूहमध्ये ना बाप्तिस्मा, ना लग्न. आणि रफूलला हिवाळ्यात गाव सोडून खाली येता येत नव्हते. म्हणजे उद्या सकाळी अबूना गाडीत बसायच्या आत लागले तर लागले, नाहीतर मे.

मुन्तहाला मे हवा होता. खरे विचाराल तर तिला मेसुद्धा नको होता. अठराव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा कुणी हसून बोलले असेल तर ते चौदा वर्षांच्या नझीराने. सासूने खारट म्हणून बाजूला सारलेले मुन्तहाच्या हातचे कालवण तिने मुकाट्याने संपवले होते आणि वर पुन्हा मागून घेतले होते. तेव्हापासून दोघींची चूल एक, दुखणी एक, हसण्याची कारणे एक. असद चांगला माणूस होता, पण त्याच्याशी बोलायचे म्हणजे ऑलिव्हच्या झाडांबद्दल बोलायचे. नझीरा गेली तर आपण खालच्या घरात दिवसभर कुणाचे तोंड बघायचे?

म्हणून त्या सकाळी, ढग दिसताच, तिने एक काम गुपचूप उरकून टाकले होते. ती अबूनांच्या घरी गेली, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाली, "आमच्या ट्रकमध्ये पुढं बसा. उजाडता उजाडता निघू, उन्हाच्या आत पोचाल." अबूना इतके खूश झाले की त्यांनी तिला दोनदा आशीर्वाद दिला. परत येताना तो आशीर्वाद तिला जरा टोचत होता.

दुपारी अंगणात मुन्तहाचा मुलगा मिल्हेम ट्रकवर उभा राहून गाद्या रचत होता, असद खालून दोऱ्या फेकत होता आणि झहिया कांद्यांच्या पोत्यावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवत होती. झहिया विधवा, शेजारच्याच घरात राहणारी आणि दोन्ही घरांत हुकूम चालवणारी.

"राखणदार," ती म्हणाली. "आपल्या बाबांनी ज्याच्या बापाला गहू मोजून दिला, त्याच्या घरात आपली बहीण. खाली लोक विचारतील, नझीरा कुठंय? काय सांगू? धाब्यावर बर्फ ओढतेय म्हणू?"

"ताई, हळू बोल. ती आत आहे," असद म्हणाला.

"ऐकू दे की. तिच्याच भल्याचं बोलतेय."

"मग तीन रविवार तोंड का शिवलं होतंस?"

"मी? पुरुषांच्या बाकावर पहिला बसलेला तू, आणि बायकांतनं मी ओरडू? घराण्याची शोभा झाली असती."

"मला वाटलं तू बोलशील."

"मला वाटलं तू बोलशील."

ट्रकवरून मिल्हेम म्हणाला, "आणि दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही की आत्याला विचारावं."

"तू दोरी ओढ," दोघे एकदम म्हणाले. दिवसभरात भावा-बहिणींचे एकमत झाले ते तेवढेच.

मिल्हेम हसत दोरी ओढू लागला, पण गप्प बसला नाही. "आत्या सेहेचाळीस वर्षांची आहे. अजून किती मोठी व्हायची वाट बघायची?"

"मोठी झाली म्हणूनच म्हणतो," असद म्हणाला. त्याने दोरीला गाठ मारली, ती नीट बसली नाही, पुन्हा सोडली. "इथं पडलं-झडलं माणूस तर कोण आहे? वाट बंद, डॉक्टर नाही. मी तिथं उन्हात बसून संत्रं सोलायचं आणि ही इथं..." तो गाठीकडे बघत राहिला. मुन्तहाला त्याची दया आली आणि बरेही वाटले. आपल्या बाजूला आणखी कुणी आहे म्हटल्यावर माणसाला बरे वाटतेच.

तेवढ्यात फाटकातून रफूल आला. उंच, जरासा वाकलेला, मिश्या पिकलेल्या. आजच निघणाऱ्या घरांच्या किल्ल्या गोळा करायला निघाला होता. कमरेला त्यांचा झुबका लोंबत होता.

"देव बळ देवो," तो म्हणाला.

"तुलाही," असद म्हणाला. बसायला मात्र कुणी सांगितले नाही.

रफूल उभाच राहिला. "अबूना उद्या उजाडता उजाडता निघतायत म्हणे. तुमच्याच गाडीनं."

"आमच्या?" असदने विचारले.

"पुढच्या जागेवर. फार खूश आहेत. सगळ्या गावाला सांगत फिरतायत."

सगळ्यांनी मुन्तहाकडे पाहिले. मुन्तहा वाकून एका टोपलीला फडके बांधत होती, जे आधीच बांधलेले होते. "म्हातारं माणूस आहे," ती टोपलीला म्हणाली. "मागं कांद्यांवर बसवायचं का?"

झहियाच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले. असदने सुटकेचा श्वास टाकला. आता त्याला काही ठरवायचे उरले नव्हते. "मग मेमध्ये बघू, रफूल," तो म्हणाला. "थाटात करू. घाई कशाला?"

"थांबेन की," रफूल म्हणाला. "थांबणं हेच माझं काम. पण तुम्हांला वाटत असेल की याला धाब्यावर हाताखाली माणूस हवंय, चुलीपाशी बाई हवीय, तर तसं नाही. माझं मी करतो. माझी अडचण संध्याकाळची आहे. संध्याकाळी मी भांड्यांशी बोलतो, असद. गेल्या वर्षी एका कढईशी माझं भांडण झालं, तीन दिवस तिच्यात शिजवलं नाही."

मिल्हेम मोठ्याने हसला. रफूलही हसला, मग पुढे म्हणाला, "तुमची बहीण दर वर्षी वर आल्यावर मला विचारते, रफूल, आमच्या कोठीची कडी ढिली कशी झाली, हिवाळाभर काय करत होतास? एवढंच बोलते. मी ते पुढचा हिवाळाभर आठवतो. कडी मीच ढिली करून ठेवतो, आता सांगायला हरकत नाही."

"बोलायचीच हौस असेल तर रेडिओ घे," झहिया म्हणाली.

"घेतला, झहियाबाई. बर्फ पडला की त्यात वाळू शिजल्यासारखा आवाज येतो नुसता."

तो किल्ली न घेताच गेला. किल्ली घरातले शेवटचे माणूस निघताना देते, ती वेळ अजून आली नव्हती. झहियाने पोत्यातून डोकावणारा एक कांदा आत कोंबला. मग म्हणाली, "कडी. ऐकलंत? कडी म्हणे." पण तिच्या आवाजात मघाचा तिखटपणा राहिला नव्हता.

संध्याकाळी उजेड असतानाच मुन्तहा स्वयंपाकघरात गेली. मोठ्या कढईत मेंढीची चरबी वितळत होती आणि नझीरा लाकडी उलथन्याने मांसाचे तुकडे परतत होती. उन्हाळाभर तिनेच त्या मेंढीला तुतीच्या पानांचे घास हाताने भरवले होते, आंघोळ घातली होती, शिव्या दिल्या होत्या. दर वर्षी ती मेंढी कापायच्या दिवशी दुपारी झोपून राहायची आणि संध्याकाळी उठून कढई चुलीवर ठेवायची. खारवलेले मांस चरबीत परतून बरण्यांत भरले, म्हणजे अवर्मा केला, की हिवाळाभर पुरते. मर्जलौझला अंड्यांवर ते घालून खाताना सगळे जण ऐन-शूहची आठवण काढायचे आणि वर नाही म्हणून देवाचे आभारही मानायचे.

"मीठ बघ," नझीरा म्हणाली.

मुन्तहाने बोट बुडवून चाखले. "जरा हवंय."

"खारट सुनेला जरा हवंयच वाटणार."

एरवी दोघी हसल्या असत्या. आज मुन्तहाने मीठ घातले आणि बरण्या पुसायला घेतल्या. नझीराने त्या आधीच ओळीने मांडून, प्रत्येकीभोवती पेंढ्याचे वेटोळे घालून तयार केल्या होत्या. मुन्तहाच्या लक्षात आले की सगळ्या बरण्यांना पेंढा गुंडाळलेला आहे. म्हणजे सगळ्या गाडीत जाणार. वर राहणारी एकही नव्हती.

"तुझी कुठली?" तिने विचारले.

"सगळ्या. मी येतेय ना खाली." नझीराने वर पाहिले नाही. "माझी वळकटीसुद्धा बांधली. मिल्हेमला दिलीय, चढवेल."

मुन्तहाला जे हवे होते ते मिळाले होते. हाश्श करून बसायला हवे होते. ती बरणी पुसतच राहिली. "कुणी सांगितलं तुला? असदनं?"

"दादा काय सांगणार? दादा 'बघू' म्हणाला." नझीराने उलथने कढईच्या काठावर ठोकले. "अबूनांना पुढची जागा तू दिलीस ना?"

मुन्तहाने दुसरी बरणी उचलली.

"मी खिडकीत होते, रफूल बोलला तेव्हा. तुझा चेहरा नाही दिसला, नुसती पाठ दिसली. पाठीवरनंच कळलं. तू चोरून काही केलंस की मान खांद्यात घालतेस. आईच्या डब्यातली साखर मला द्यायचीस तेव्हाही तशीच घालायचीस."

"ते तुझ्यासाठी होतं."

"आणि हे?"

हे स्वतःसाठी होते, आणि ते दोघींनाही माहीत होते. चरबी तडतडत होती. मुन्तहा एकदम चिडून म्हणाली, "अगं पण आहे काय इथं? आपली माणसं शतकभर या बर्फापासून पळतायत आणि तुला त्यात जाऊन बसायचंय! खाली जाईची वेल आहे, समुद्र आहे. सकाळी उठून खिडकी उघडली की ऊन पायावर येतं. तुझी छाती नाजूक. दर वर्षी खाली गेल्यावरच तुझा खोकला थांबतो."

"खोकला धुरानं येतो, वहिनी. बर्फानं नाही. बर्फ मी बघितलाय कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघितलाच नाही." नझीरा आता तिच्याकडे बघत होती. "जन्म इथला. सगळे म्हणतात, ऐन-शूहची माणसं, बर्फातली माणसं. आणि मी दर वर्षी पहिला ढग आला की ट्रकमध्ये. त्याच्याआधी खेचरावर. खाली धाब्यावर उभं राहून लांबनं पांढरी रेघ बघायची, बस. माझ्या खिडकीतला अक्रोड बर्फात कसा दिसतो ते मला माहीत नाही. रफूलला माहीत आहे. मागच्या मेमध्ये त्याला विचारलं, तर नीट सांगायला लागला. फांद्या कशा खाली येतात, कोल्हा कुठनं कुठं जातो. मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा."

"कोल्ह्यासाठी लग्न करणार?"

"तू तर आईच्या दोन शेतांसाठी केलंस."

या वेळी मुन्तहाला हसू आवरले नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते चुलीच्या धुरावर ढकलायची सोयही उरली नव्हती, कारण नझीराने नुकतेच धुराबद्दल सांगून टाकले होते.

"मग भांड की," मुन्तहा म्हणाली. "असदशी भांड, झहियाशी भांड. मुकाट वळकटी काय बांधतेस?"

"दादाला मी नाही म्हणू शकते. झहियाताईला तर रोजच म्हणते. तुला नाही म्हणता येत." नझीरा उलथने धरून उभी होती, हातावर चरबीचे थेंब उडत होते आणि तिचे लक्ष नव्हते. "तू मला हवीयस म्हणालीस तर मी येते. मनात काही ठेवणार नाही. मे येईल, मग बघू. नाही आला तरी मला या घरात काही कमी नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण वहिनी, तू सरळ तोंडानं म्हण. अबूनांच्या गुडघ्यांआडनं नको."

मुन्तहाने तोंड उघडले. ये म्हणायला एक शब्द पुरे होता. तो जिभेवर होता. तेवढ्यात बाहेरून झहियाने दिव्यांच्या काचा कुठे ठेवल्या म्हणून हाक मारली आणि मुन्तहा उठून गेली. तेवढ्यासाठी तिला आयुष्यात पहिल्यांदाच झहियाचे उपकार वाटले.

सकाळी आकाश इतके खाली आले होते की चर्चचा मनोरा अर्धाच दिसत होता. गल्लीभर गाड्यांची घरघर, कोंबड्यांच्या टोपल्या, एकमेकांना मारलेल्या हाका. अबूना यवाकीम गळ्याभोवती लोकरी पट्टा गुंडाळून ट्रकच्या पुढच्या जागेवर केव्हाच जाऊन बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. असद दार ओढून बघत होता. नझीरा अंगणात शेवटची झाडलोट करत होती. आपण राहणार नाही त्या घराचे अंगण ती नेहमी झाडूनच निघायची.

मुन्तहा ट्रकच्या मागे उभी होती. गाद्यांच्या वर नझीराची वळकटी होती, निळ्या पट्ट्यांची, तिने स्वतः विणलेल्या दोरीने आवळलेली. रात्रभर मुन्तहा मनात तो एक शब्द घोळवत राहिली होती. सकाळपर्यंत तिला कळून चुकले होते की तो आपल्याला म्हणता येईल, आणि नझीरा येईलही, आणि मग खाली रोज सकाळी तिच्यासमोर बसून कॉफी पिताना आपण तिच्या डोळ्यांकडे बघू शकणार नाही. सोबत ठेवून तिला गमावण्यापेक्षा... पुढचा विचार तिने केला नाही. तिने चाकावर पाय ठेवला, वर चढली आणि वळकटी ओढली. ती निघेना. मिल्हेमने गाठी चांगल्या मारल्या होत्या.

"आई, काय करतेयस? सगळं खाली येईल!"

"सुरी दे."

"काय?"

"दोरी काप, नाहीतर सुरी दे."

मिल्हेमने आईच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता दोरी कापली. वळकटी गडगडत अंगणात पडली. झाडू हातात धरून नझीरा तिथेच थांबली. मुन्तहा उतरली ती थेट ट्रकच्या पुढे गेली आणि तिने दार उघडले.

"अबूना, खाली उतरा."

"का, पोरी? पोचलो का?" अबूनांचा जरा डोळा लागला होता.

"निघालोच नाही अजून. एक लग्न लावायचंय."

"पण मग मेमध्ये..."

"मेमध्ये माझं मन बदललं तर? मी मोठी आपमतलबी बाई आहे, अबूना. आत्ता लावा."

अबूनांनी गुडघ्यांवर हात ठेवले, सुस्कारा टाकला आणि एकेक पाय खाली सोडला. "तीन रविवार मी विचारलं," ते म्हणाले. "तेव्हा बोलला असतात तर आत्तापर्यंत वाटेवर असतो."

असद धावत आला. "मुन्तहा, आपलं ठरलं होतं ना!"

"काही ठरलं नव्हतं. आपण नुसते गप्प होतो." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिला एकदा विचार. तू भाऊ आहेस, तू विचार."

असद बहिणीपाशी गेला. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. "राहायचंय तुला इथं?"

"हो, दादा."

"या बर्फात?"

"हो."

"आणि मला तुझी काळजी वाटली की मी काय करू?"

"काळजी कर," नझीरा म्हणाली. "मी पण तुमची करेन. खाली मलेरिया असतो."

असदने तिचे डोके धरून कपाळाचा मुका घेतला आणि रफूलला बोलवायला स्वतःच निघाला. तो अर्ध्या गल्लीत पोचतो न पोचतो तोच झहियाची तोफ सुटली. "अशी? झाडू घेऊन, ओच्याला चरबीचे डाग पाडून? घराण्याची मुलगी आहे ही!" तिने स्वतःच्या डोक्यावरची लेसची ओढणी काढून नझीराच्या डोक्यावर टाकली आणि कानांतले सोन्याचे डूल तिच्या कानांत अडकवू लागली. "राखणदार तर राखणदार. कडी ढिली करून ठेवतो म्हणे मेला. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात माझ्यासाठी कडी घट्टसुद्धा केली नाही."

लग्न लागायला फार वेळ लागला नाही. बाहेर ट्रक घुरघुरत होते. चर्चचे गालिचे आधीच गुंडाळून ठेवले होते, म्हणून सगळे उघड्या फरशीवर उभे राहिले. नवऱ्या मुलाने दाढी केली होती आणि एका गालावर साबण राहिला होता. वधूवरांचे मुकुट कपाटात कुलूपबंद, म्हणून अबूनांनी दोघांच्या डोक्यांवर ऑलिव्हच्या डहाळ्या धरल्या. हरकत कुणाची आहे का, हे त्यांनी चौथ्यांदा विचारले, मुद्दाम झहिया आणि असदकडे बघून. झहिया म्हणाली, "आवरा आता, अबूना, बर्फ पडेल."

आणि मग ते उलटेच झाले. लग्न झाले की मुलगी निघते आणि माहेरची माणसे दारात उभी राहून रडतात. इथे मुलगी दारात उभी राहिली आणि माहेर गाडीत बसू लागले. गल्लीतली एकेक गाडी तिच्यापुढून जाताना थांबायची, खिडकीतून कुणी तिच्या हातात साखरेतले बदाम ठेवायचे, कुणी नाणे, कुणी घराची किल्ली. रफूल मागे उभा राहून किल्ल्या घेत होता. अख्ख्या गावाची पाठवणी एका नवरीने केली.

आपला ट्रक शेवटचा ठेवायला मुन्तहाने मिल्हेमला सांगितले होते. अवर्म्याच्या दोन बरण्या तिने उतरवून घेतल्या, मग तिसरी, मग एक जादा गोधडी, मग स्वतःच्या अंगातला लोकरी अंगरखा.

"वहिनी, पुरे. तुम्ही खाली काय खाल?"

"संत्री," मुन्तहा म्हणाली. "दाराची आतली कडी नीट लाव. ओल्या पायांनी बसू नकोस. आणि त्याला म्हणावं कढईशी भांडू नको, माझ्याशी भांड."

"म्हणते."

असद केव्हाचा मागे चढून बसला होता आणि दुसरीकडे बघत होता. अबूना पुढे बसून सरकून जागा करत होते. मुन्तहा पायरीवर पाय ठेवायला वळली आणि तिथेच तिचा बांध फुटला. ती दाराला धरून रडू लागली, मोठ्याने, हुंदके देऊन, नव्या सुनेने रडावे तशी. ऐन-शूहमध्ये पहिल्यांदा आली होती त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती. नझीराने लेसच्या ओढणीच्या टोकाने तिचे तोंड पुसले. झहियाची ओढणी होती, तिने पुढे सहा महिने ते ऐकवले असते, पण त्या क्षणी तिनेही तोंड फिरवले होते.

"रडू नको, वहिनी," नझीरा म्हणाली. "जातेयस तिथं ऊन आहे."

"ऊन आहे गं," मुन्तहा म्हणाली. "तू नाहीस."

नझीराने मुन्तहाला काखेत हात घालून वर चढवले, दार लावले आणि घट्ट बसले की नाही ते दोनदा ओढून पाहिले.